वीज गेल्यावर मत्स्यपेटी

मासे वाचवण्यासाठी काय करावे, हा प्रश्न बहुधा वीज गेल्यानंतर विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र वीज असतानाच शोधावे लागते. प्राणिशास्त्र शिकवीत असल्याने घरी मत्स्यपेटी ठेवणारे विद्यार्थी माझ्याकडे शंका घेऊन येतात. त्यांच्यासाठी हा विषय येथे थोडक्यात मांडीत आहे.

आपल्या बिदर-कलबुर्गी भागात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि त्याच दिवसांत वळवाच्या वाऱ्याने तारा तुटून वीज जाते. या दोन गोष्टी एकदम येतात, हेच खरे संकट होय. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच राहतो. उलट पाणी दहा अंशांनी तापले की माशांची प्राणवायूची गरज साधारणपणे दुप्पट होते. म्हणजे आवक घटते आणि खर्च वाढतो. दोन फूट लांब व एक फूट रुंद पेटीत ५० लिटर पाणी धरले, तर ३० अंशांना त्यात जेमतेम ३७५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तोही सगळा माशांना वापरता येत नाही.

हा प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून येतो. पंपाच्या बुडबुड्यांचे मोठे काम म्हणजे पाणी ढवळून तळाचे पाणी वर आणणे. म्हणून उंच, अरुंद पेटीपेक्षा पसरट पेटी सुरक्षित. गुरामी, फायटर किंवा आपल्या नद्या-तळ्यांतील मरळ हे मासे वर येऊन हवा घेऊ शकतात. गोल्डफिशला मात्र प्राणवायू भरपूर लागतो.

मोठ्या संस्थांनाही हा नियम चुकत नाही. २००५ साली कॅटरिना वादळानंतर अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या मत्स्यालयाची इमारत बऱ्यापैकी टिकली. पण जनरेटर बंद पडला आणि बहुतेक मासे मेले. हवेत श्वास घेणारी पेंग्विन व समुद्री ऊदमांजरे मात्र वाचली.

आता तयारी पाहू. पहिली गोष्ट, मासे मोजकेच ठेवावेत. यासारखा स्वस्त उपाय नाही. दुसरी, पॉवर बँकेवर चालणारा छोटा हवेचा पंप घ्यावा. दहा हजार मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेवर एक वॅटचा पंप सुमारे एक दिवस चालतो. घरात इन्व्हर्टर असल्यास त्यावर पंप जोडावा, हीटर जोडू नये. तिसरी, हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. नाहीतर तो थांबताच नळीतून पाणी उलटे येते.

वीज गेल्यावर झाकण काढावे व खाणे बंद ठेवावे. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस सहज उपाशी राहतात. उरलेले अन्न मात्र कुजून प्राणवायू खाते. पंप नसेल तर तांब्याने पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत ओतत राहावे. पाणी तापले असेल तर बर्फाची बंद बाटली तरंगत ठेवावी, पण तापमान एकदम उतरू देऊ नये. बिदरच्या थंडीत पेटीभोवती गोधडी गुंडाळावी. वरची बाजू उघडी ठेवावी.

फिल्टरकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू त्याच्या स्पंजात राहतात आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला की आतले पाणी सडू लागते. वीज येताच तो तसाच सुरू केल्यास ती घाण पेटीत उतरते. म्हणून आधी ते पाणी फेकून द्यावे आणि स्पंज पेटीतून काढून घेतलेल्या पाण्यात खळबळावा. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने जिवाणू मरतात.

शेवटी एक प्रयोग सुचवितो. सुटीच्या दिवशी पेटीजवळ बसून पंप व फिल्टर बंद करा आणि घड्याळ पाहा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागताच दोन्ही सुरू करा. जो वेळ भरला तो वहीत टिपा. मे महिन्यात तो आणखी कमी भरेल, हे ध्यानात ठेवा. तुमच्या गावी वीज एरवी जितका वेळ जाते, त्याहून तो कमी असेल, तर पेटीत मासे जास्त झाले आहेत असे समजावे.