अक्रम अल-हौरानी आणि होम्सची अकॅडमी

सीरियातील हमा शहर नदीवरच्या प्रचंड लाकडी रहाटांसाठी प्रसिद्ध आहे. आसपासची बहुतेक जमीन मात्र अझम, बराझी, कैलानी अशा मोजक्या घराण्यांकडे होती. गावेच्या गावे त्यांच्या मालकीची. कसणाऱ्या कुळाला पिकातला थोडासा वाटा मिळे. याच हमाचे वकील अक्रम अल-हौरानी १९४३ मध्ये संसदेवर निवडून गेले.

संसदेत जमीनदारांचे एवढे वजन, तिथे कुळांच्या बाजूचा कायदा होणार कसा? हौरानींनी वेगळी वाट शोधली, आणि आम्हा कॅडेटना तीच विचार करायला लावते. ही वाट होम्सच्या मिलिटरी अकॅडमीतून जात होती. बड्या घराण्यांना फौजेची नोकरी कमीपणाची वाटे. गरीब घरच्या मुलाला मात्र तिथे फीशिवाय शिक्षण आणि पुढे अधिकाऱ्याचा हुद्दा मिळे. हौरानी अशा मुलांना भरती व्हायला उत्तेजन देत. यात वाईट काय? माझ्या वर्गातही शेतकऱ्यांची मुले आहेत. पण हौरानींना हे अधिकारी राजकारणातही आपल्या बाजूला हवे होते. माझ्या मते गाडी इथेच रुळावरून घसरली.

१९४९ या एका वर्षात सीरियात लष्कराने तीनदा सत्ता उलथवली. तिसऱ्या वेळी पुढे आलेले अदीब शिशकली हमाचेच, हौरानींचे जुने सोबती. हौरानी संरक्षणमंत्री झाले. पण १९५२ मध्ये शिशकलींनी सगळ्याच पक्षांवर बंदी घातली आणि हौरानींना लेबनॉनला पळावे लागले. १९५४ मध्ये शिशकली पडले, तेव्हा हौरानी पुन्हा जोरात आले. त्यांचा पक्ष बाथ पक्षात मिळालेला होता. १९५७ मध्ये ते संसदेचे अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी सीरिया आणि इजिप्त एक झाले आणि ते नासर यांचे एक उपराष्ट्राध्यक्ष बनले. पद मोठे, अधिकार थोडे. १९५९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. जमीनसुधारणेचा कायदा मात्र १९५८ मध्ये झाला होता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे.

८ मार्च १९६३ रोजी बाथ पक्षाच्या अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली. त्यांत खेड्यांतून आलेले बरेच होते. हौरानी तोवर पक्षाबाहेर पडले होते आणि या अधिकाऱ्यांना ते नको होते. त्यांना देश सोडावा लागला. १९९६ मध्ये ते अम्मान येथे वारले. तेव्हा खेड्यातून होम्सच्या अकॅडमीत दाखल होऊन पुढे वैमानिक झालेले हाफिज अल-असद २५ वर्षे राष्ट्राध्यक्ष होते.