फटफटीवरील पेटी व तरफेचा नियम



मनालीहून लेहला जाणारा रस्ता तांगलांग ला नांवाच्या खिंडींत सुमारें ५,३०० मीटर उंचीवर चढतो. दर उन्हाळ्यांत कित्येक तरुण ह्या रस्त्यानें फटफटीवरून प्रवास करतात, व पुष्कळांच्या गाडीस मागें सामानाची पेटी जोडलेली असते. ह्या कामीं बुलेट ही गाडी विशेष आवडीची. इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीनें हें नांव १९३२ सालीं आपल्या गाडीस दिलें, आणि १९५५ सालीं मद्रासेस एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन झाल्यावर ती गाडी आपल्या देशाची होऊन बसली.

तयार पेटी प्रत्येक गाडीस बसतेच असें नाहीं. म्हणून मिस्त्रीकडून लोखंडी आधार घडवून घेण्याची चाल आहे. हें काम वरवर पाहतां चार बोल्ट आवळण्याचें दिसतें. परंतु वर्गांत शिकलेला तरफेचा नियम येथें कसोटीस लागतो, आणि तो विसरणाऱ्यास हाडें मोडून घ्यावीं लागतात.

प्रथम हिशेब पाहूं. गाडीच्या दोन्ही चाकांच्या आंसांमधील अंतर १४० सें.मी. धरा. भरलेली पेटी २० किलोची असून तिचा गुरुत्वमध्य मागील आंसाच्या ३५ सें.मी. मागें आहे असें समजा. आतां मागील आंस हा टेंकू झाला. भार व अंतर यांचा गुणाकार २० गुणिले ३५, म्हणजे ७००. त्यास १४० नीं भागल्यास उत्तर येतें ५. म्हणजे पुढील चाकावरील भार ५ किलोनें कमी झाला, आणि मागील चाकावर २० नव्हे तर २५ किलो वाढले! हीच पेटी बरोबर आंसाच्या वर असती, तर पुढील चाकाचा भार मुळींच घटला नसता.

पुढील चाक हलकें झाल्यास काय बिघडतें? गाडीचें वळणें त्याच चाकावर अवलंबून असतें. घाट चढतांना किंवा वेग एकाएकीं वाढवितांना भार आणखी मागें सरकतो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका हा परिणाम अधिक. मग हँडल हातांत थरथरूं लागतें, आणि खडीच्या वळणावर चाक पाहिजे तिकडे वळत नाहीं. ह्यास्तव पेटी शक्य तितकी पुढें व खालीं बसवावी. मात्र मागें बसणाराची पाठ मोकळी राहिली पाहिजे.

आतां आधाराविषयीं. पुष्कळ लोक पेटी मडगार्डच्या पत्र्यास जोडतात. पत्रा चिखल अडविण्यासाठीं असतो, ओझें वाहण्यासाठीं नव्हे. खडबडीत रस्त्यावर पेटी हजारों वेळां वरखालीं होते. पातळ पत्रा पुनःपुन्हां वाकून थकतो, भोकाच्या कडेस चीर पडते व ती हळूहळू वाढत जाते. म्हणून आधार गाडीच्या सांगाड्यासच जोडावा. कॅरियरसाठीं ठेवलेलीं भोकें तेथें असल्यास तींच वापरावीं. सांगाड्याच्या नळीस नवें भोंक पाडूं नये, त्यानें ती दुर्बळ होते. आधाराच्या दोन्ही बाजूंस तिरप्या पट्ट्या द्याव्या. चौकोन दाबानें कलतो, त्रिकोण कलत नाहीं, हें भूमितींत आपण पाहिलेंच आहे. बोल्टखालीं रुंद वायसर घालावा, म्हणजे दाब मोठ्या जागेवर पसरतो. कंपनानें नट सैल होतात. ह्यासाठीं आंत नायलॉनचें कडें असलेला नट वापरावा, व पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हां तपासावे.

भरतांनाही विवेक हवा. जड जिन्नस तळाशीं व पुढील बाजूस, हलके कपडे वर. पेटी व आधार यांच्या कर्त्यांनीं ठरविलेली भाराची मर्यादा ओलांडूं नये. दोहोंपैकीं जी कमी ती खरी. मागील टायरमधील हवा वाढलेल्या भारास योग्य आहे कीं नाहीं हें पहावें. मागील दिवा, दिशा दाखविणारे दिवे व क्रमांकाची पाटी यांपैकीं कांहींही झांकलें जातां कामा नये.

शेवटीं एक सोपी परीक्षा सांगतों. पेटी दोन्ही हातांनीं धरून जोरानें हालवा. सबंध गाडी हालली तर जोडणी पक्की. एकटी पेटीच हालली तर निघूं नका. घाटांत निखळलेली पेटी मालकाचें बहुधा सामानच नेते, पण मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा ती जीव घेऊं शकते. त्या माणसानें आपली जोडणी पाहिलेली नसते; ती पाहण्याचें कर्तव्य सर्वस्वीं आपलें.

अभ्यास: वरील उदाहरणांतील पेटी पुढें सरकवून तिचा गुरुत्वमध्य मागील आंसाच्या १४ सें.मी. मागें आणला, तर पुढील चाकावरील भार किती किलोनें कमी होईल? मागील चाकावर किती वाढेल?