गाडीच्या दाराला जाळी

स्कॉटलंडचा पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख उन्हाळ्यात मोठा सुंदर दिसतो. पुष्कळ कुटुंबे तिकडे ‘कॅम्पर व्हॅन’ घेऊन हिंडतात. म्हणजे आत बिछाना, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेली बंद मोटारगाडी. संध्याकाळी तळ्याकाठी गाडी उभी करावी, वारा पडलेला असावा, सरकते दार उघडावे, आणि पाचदहा मिनिटांत आत बारीक माश्यांचा ढग शिरावा, हा तिथला नेहमीचा अनुभव!

या माशीला ‘मिज’ म्हणतात. लांबी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. आपल्या चिलटाएवढीसुद्धा नाही. चावते ती फक्त मादी, आणि तेही अंडी वाढवण्यासाठी लागणाऱ्या रक्तापायी. गंमत अशी, की या जातीची मादी अंड्यांची पहिली खेप रक्त न पिताच घालते. रक्त लागते ते पुढच्या खेपांना. आपल्या श्वासातला कार्बन डायॉक्साइड आणि अंगाचा वास यांच्या मागावर ती येते. वाऱ्यात तिचे काही चालत नाही, म्हणून शांत पहाट आणि संध्याकाळ ही तिची वेळ.

तुम्ही म्हणाल, मग दार लावून झोपावे की! पाहा बरे हिशेब करून. गाडीच्या आतील हवा समजा ८ घनमीटर, म्हणजे ८००० लिटर. झोपलेला माणूस तासाला साधारण १५ लिटर कार्बन डायॉक्साइड सोडतो. दोन माणसे, आठ तास: २ × १५ × ८ = २४० लिटर. गाडी अगदी हवाबंद असेल, तर सकाळी त्या वायूचे प्रमाण ३ टक्के होईल. बाहेरच्या हवेत ते सुमारे ०.०४ टक्के असते. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येतेजाते, म्हणून इतके होत नाही; पण डोके जड होते आणि काचांवरून पाणी ओघळते. शिवाय कोळशाची शेगडी आत आणली, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतच जीव जातो. दाराला जाळी असली तरी शेगडी बाहेरच विझवायची आणि बाहेरच ठेवायची.

आता जाळी कोणती घ्यावी? आपल्या खिडकीची डासांची जाळी भिंगाखाली धरा. समजा धागा पाव मिलिमीटर जाड आहे आणि छिद्र सव्वा मिलिमीटरचे. डासाचे पाय आणि पंख यात अडतात. मिज मात्र पंख मिटून खुशाल आत चालत येते. तिच्यासाठी छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवे. पण इथे एक पेच आहे. पहिल्या जाळीत एका घराची बाजू (छिद्र अधिक धागा) १.५ मिलिमीटर. मोकळी जागा = (१.२५ × १.२५) ÷ (१.५ × १.५), म्हणजे सुमारे ६९ टक्के. त्याच धाग्याची, अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राची जाळी घेतली, तर (०.५ × ०.५) ÷ (०.७५ × ०.७५), म्हणजे ४४ टक्केच! वारा तर याहूनही अधिक अडतो, कारण लहान छिद्रात हवा कडांना जास्त घासते. म्हणून बारीक छिद्राच्या जाळीला धागाही बारीक पाहावा. धागा ०.१५ मिलिमीटरचा असेल तर मोकळी जागा किती, ते तुम्हीच काढा.

जाळीचे काम किती मोलाचे, हे १९०० साली इटलीत दिसले. हिवताप डासांमुळे होतो, की दलदलीच्या दूषित हवेने, हा वाद तेव्हा पुरता मिटला नव्हता. रोमजवळच्या ओस्तिया या हिवतापग्रस्त भागात सॅम्बन आणि लो हे डॉक्टर जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत एका झोपडीत राहिले. दारे-खिडक्यांना तारेची जाळी होती. दिवसा ते मोकळे हिंडत, सूर्यास्ताआधी आत येत, क्विनीन घेत नसत. दलदलीची हवा जाळीतून रात्रभर आत येत होती, डास तेवढे येत नव्हते. दोघांनाही हिवताप झाला नाही.

गाडीकडे वळू. दाराच्या चौकटीचे माप घेऊन जाळी दोन भागांत कापा. मध्ये एक भाग दुसऱ्यावर निदान दहा सेंटिमीटर यावा. वरच्या कडेला व्हेल्क्रोची पट्टी लावतात. ती चिकटवण्याआधी पत्रा पुसून कोरडा करायला हवा. दाराच्या रबरावर मात्र पट्टी येऊ देऊ नका. नाहीतर दार नीट बसणार नाही आणि पावसाचे पाणी आत येईल. खालच्या दुमडीत बारीक साखळी शिवली, की जाळी वाऱ्याने उचलली जात नाही.

बाजूच्या कडांत चपटी लोहचुंबके शिवली, की ती पत्र्याला धरून बसतात. पत्रा पोलादी असेल तरच बरे का! अॅल्युमिनियमला किंवा फायबरग्लासला चुंबक चिकटत नाही, तेव्हा आधी तपासा. मधल्या जोडावर समोरासमोर येणाऱ्या चुंबकांचे विजातीय ध्रुव एकमेकांकडे हवेत. घाईत शिवणारा हमखास इथे चुकतो, आणि पडदा मिटण्याऐवजी फाकतो! शिवण्यापूर्वी जोड्या लावून पेन्सिलीने खुणा करा. कापडाचे पदरही थोडेच ठेवा, कारण अंतर वाढले की चुंबकाची ओढ फार झपाट्याने घटते. ही चुंबके लहान भावंडांच्या हाती देऊ नका. दोन पोटात गेली, तर आतड्याचे पदर मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

फट राहिली का, हे पाहायला पोस्टकार्डे वापरा. वीस कार्डांच्या गठ्ठ्याची जाडी मोजून वीसने भागा, आणि मिळून अर्धा मिलिमीटर होईल इतकी कार्डे एकत्र धरून जाळीच्या कडेने फिरवा. जोर न लावता ती जिथे आत सरकतील, तिथे मिजही सरकेल. बहुधा ती जागा खालच्या कोपऱ्यात, पायरीपाशी सापडते. तिथे आणखी एक चुंबक टाका.