रिटुक्सिमॅब चालू असताना टेक्सासचा प्रवास

प्रश्न : आईला आमवातासाठी रिटुक्सिमॅब चालू आहे. ऑगस्टमध्ये ती भावाकडे टेक्सासला जाणार आहे. तिथल्या वेस्ट नाइल तापाची कितपत काळजी करावी?

उत्तर : प्रवास रद्द करू नका, पण हा धोका हलक्यात घेऊ नका. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेला हा विषाणू काही वर्षांत अमेरिकाभर पसरला. २०१२ मध्ये डॅलस परिसरात मोठी साथ आली होती. लागण झालेल्या दहापैकी आठ जणांना काहीच जाणवत नाही. दीडशेत साधारण एकाच्या मेंदूवर किंवा मज्जारज्जूवर परिणाम होतो. आईला मात्र हा हिशेब लावू नका. रिटुक्सिमॅब बी-पेशी नष्ट करतं, त्यामुळे नव्या विषाणूविरुद्ध अँटिबॉडी नीट तयार होत नाहीत. हा परिणाम शेवटच्या डोसनंतरही अनेक महिने टिकतो.

यातून आणखी एक अडचण येते, आणि ती डॉक्टरांच्याही नजरेतून सुटू शकते. नेहमीची तपासणी अँटिबॉडीच शोधते. आईच्या बाबतीत ती निगेटिव्ह आली, तरी आजार नाही असं म्हणता येणार नाही. तापासोबत बोलण्यात गोंधळ, ग्लानी किंवा हातापायांत अशक्तपणा दिसला, तर तातडीने रुग्णालयात न्यावं, औषधाचं नाव आधी सांगावं आणि पीसीआर तपासणीबद्दल विचारावं.

माणसांसाठी यावर लस नाही, खास औषधही नाही. हा विषाणू पसरवणारा क्युलेक्स डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. त्या वेळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, डीट असलेलं मलम लावावं. पुढच्या डोसबद्दल संधिवाततज्ज्ञांशी आत्ताच बोला. आपल्या मनाने औषध मुळीच थांबवू नका.