सात खिळे आणि श्रावणातलं पॉलिश

कबाड्याच्या दुकानात ती खुर्ची राइस मिलच्या मोडक्या जाळ्यांखाली दबून पडली होती. एक पाय लटपटता, वेताची बैठक फाटून लोंबणारी, हातांवर कुणीतरी कधीतरी फासलेला हिरवा ऑइलपेंट. "बिडी कारखान्यातली हाये, मुनीमजी बसत," कबाडी म्हणाला. खरंखोटं देव जाणे. गोंदियात जुन्या खुर्चीला मुनीम जोडला की भाव पन्नास रुपयांनी चढतो. मी तीनशे मोजले आणि ऑटोत टाकून घरी आणली. लाकूड मात्र सागवानच होतं. पायाच्या तळाशी नखाने खरवडलं, तर तो ओळखीचा तेलकट, चामड्यासारखा वास आला.

आणली ती जुलैत. पहिली चूक तीच, पण ती कळायला पुढे महिना लागला.

लटपटत्या पायाच्या सांध्यात मी बाटली दाबून फेविकॉल ओतला. दुसऱ्या दिवशी पाय तसाच हलत होता. मग दोन इंची खिळा ठोकला. मग दुसरा. सातव्या खिळ्याला 'कट्' असा बारीकसा आवाज आला आणि पाय वरून वीतभर उभा चिरला.

शेवटी खुर्ची घेऊन सुताराकडे गेले. मिस्त्रींनी ती उलटी केली, चिरीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. "काहून ठोकले जी एवढे खिळे? सरसाचा सांधा हाये हा. गरम पान्यानं सुटला असता."

आणि सुटला की! आधी त्यांनी सहा खिळे उपटले. मग कढत पाण्यात पिळलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळलं, थोड्या थोड्या वेळाने बदललं आणि लाकडी मोगरीने दोन हलके ठोके दिले. पाय हातात आला. त्याच्या टोकावर गुळाच्या पाकासारखा तपकिरी थर होता. तोच जुना सरस. माझा फेविकॉल त्याच्यावर नुसता बसला होता, लाकडापर्यंत पोचलाच नव्हता. हा थर खरवडून लाकूड उघडं करायचं, मग नवा चिकटा लावायचा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून आवळून एक दिवस हात लावायचा नाही. चिरीतही चिकटा भरून तशीच ट्यूब बांधली. नवशिक्याने शिकवणीची फी म्हणून हे एवढं एकच काम सुताराकडे बसून बघितलं तरी पुष्कळ.

खिळ्यांनंतरची चूक अधिक वाईट, कारण ती दिसली नाही. हिरवा रंग मी दार लावून कोरड्या पॉलिशपेपरने घासला. बाहेर झड लागली होती, म्हणून आत बसले. नाकात, गादीवर, पोरांच्या दप्तरांवर हिरवी पूड. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांच्या वर नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, त्यातही हिरव्या-पिवळ्यात, शिसं आहे असंच धरून चालावं. ते पोरांच्या मेंदूला बाधतं. असा रंग काढायचा तर वॉटरपेपर पाण्यात बुडवून, ओलाच घासायचा. खाली वर्तमानपत्र, तोंडाला चांगला मास्क, पोरं दुसऱ्या घरी. रंग जाळून काढायच्या तर फंदातच पडू नये.

बाकीच्या खुर्चीला घासायची गरजच नव्हती, हेही उशिरा कळलं. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकून बघायचा. पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं. मग स्पिरिटच्या फडक्यानेच ते सैल होतं. फक्त गॅसची शेगडी आणि देवापुढचा दिवा दूर हवा. मी मात्र पाठीचा सुंदर जुना मधाळ रंग तासभर घासून पांढराफटक केला होता. तो काही परत येत नाही.

लाखेचं पॉलिश आपल्याला परकं नको. गोंदिया हे नावच गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडलं, असं सांगतात. भोवतालच्या जंगलातून डिंक आणि लाख इथे विकायला येई. पळसावर, कुसुमावर किडा लाख करतो, तिचीच चपडी होते. शंभर ग्रॅम चपडी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवली, गाळली, की झालं. लागेल तेवढंच करावं; महिनोन्‌महिने ठेवलेलं नीट वाळत नाही.

मी ते श्रावणात लावलं. पहिला हात काचेसारखा चमकला. चहा टाकून येते तोवर सगळ्या खुर्चीवर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरका थर! स्पिरिट झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला दमटपणा ओल्या थरात अडकतो. भीतीपोटी मी वरून आणखी एक हात दिला, म्हणजे साय आतच कोंडली. करायचं होतं ते इतकंच: कोरड्या दिवसाची वाट बघून स्पिरिटचं जेमतेम ओलं फडकं हलक्या हाताने फिरवायचं. आपल्याकडे दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचे दिवस या कामाचे. मे महिन्यात उलट गत. पॉलिश पसरायच्या आधीच सुकतं आणि ब्रशच्या रेघा उमटतात.

घुणाच्या भोकांत रॉकेल ओतायचा सल्ला शेजारून आला होता. नशीब, त्या दिवशी रॉकेल नव्हतं. तेल मुरलेल्या लाकडावर पॉलिश धरतच नाही.

वेत मी स्वतः विणायला गेले नाही. विणणाऱ्याने खुर्चीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त घेतले आणि ते मी कुरकुर न करता दिले. खुर्ची आता व्हरांड्यात असते. सातव्या खिळ्याचं डोकं उपटताना तुटलं, दांडी आतच राहिली. पावसाळा लागला की तिच्याभोवती लाकडात काळी कडा उमटते.