चकजवळची वीतभर जागा

मनामाच्या जुन्या सुकाच्या, म्हणजे बाजाराच्या, तोंडाशी ‘बाब अल बहरीन’ उभं आहे. बाब म्हणजे दार. ब्रिटिश सल्लागार चार्ल्स बेलग्रेव्ह यांच्या आराखड्यावरून ते १९४९ साली बांधलं, तेव्हा समुद्र हाकेच्या अंतरावर होता. पुढे भराव पडला आणि पाणी मागे हटलं. शुक्रवारी संध्याकाळी इथे चहाचे कागदी कप हातात घेऊन आपली मराठी माणसं भेटतात. प्रस्तुत लेखकाने विकत घेतलेल्या जुन्या लेथचा फोटो पहिल्यांदा दाखवला तो इथेच. पाहणारे काका मूळचे कोल्हापूरकडचे, उभा जन्म टर्नर म्हणून काढलेले. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करने १९४१ पासून जे लेथ घडवले, त्यांवर त्यांचा हात बसलेला. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, हिरव्या रंगाकडे पाहिलंही नाही आणि विचारलं, “चकजवळ बेडवर नख फिरवलंस का रे?”

फिरवलं नव्हतं. पैसे मात्र देऊन झाले होते.

लेखकाला घरी छोटं वाफेचं इंजिन बनवायचं होतं. सल्माबादला एक वर्कशॉप आवरतं घेत होते, तिथे हा लेथ मिळाला. रंग ताजा होता. विकणाऱ्याने यंत्र रिकामं फिरवलं, आवाज एकसारखा आला, सौदा झाला. घरी आणून २५ मिलिमीटरचा रॉड चकमध्ये धरला, १०० मिलिमीटर लांबीवर एक कट मारला आणि मायक्रोमीटर लावला. दोन टोकांच्या व्यासात सात शतांश मिलिमीटरचा फरक. सिलिंडरमध्ये सरकणाऱ्या पिस्टनला एवढा टेपर चालत नाही.

असं का होतं, ते काकांनी समजावलं. लेथवरचे बहुतेक जॉब आखूड. त्यामुळे कॅरेज वर्षानुवर्षं चकजवळच्या त्याच वीतभर जागेत मागेपुढे होतं. तिथला बेड झिजतो, टेलस्टॉककडचा जवळजवळ कोरा राहतो. जिथवर कॅरेज पोचत नाही त्या कडेला नख ओढलं, तर झिजलेल्या बेडवर बारीक पायरी लागते. दुसरी परीक्षा: कॅरेज चकजवळ आणा, त्याचा लॉक किंचित आवळा, मग हाताने टेलस्टॉककडे न्या. जाता जाता जड होऊन अडकलं, तर झीज नक्की. याला पाच मिनिटं लागतात, आणि ताज्या रंगाला ही परीक्षा चुकवता येत नाही.

पण सगळा दोष झिजेचा नव्हता. काका घरी आले, बेडवर आडवी स्पिरिट लेव्हल ठेवली, आधी हेडस्टॉककडे, मग दुसऱ्या टोकाला. बुडबुडा दोन जागी दोन ठिकाणी. असमान फरशीवर बोल्ट आवळल्याने बेड पिळला होता. पायाखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सारल्या, पुन्हा कट मारला. फरक तीन शतांशावर आला. म्हणून यंत्राला नाव ठेवण्याआधी ते नीट बसवलंय का, हे पाहावं.

स्पिंडलचीही तपासणी राहून गेली होती. डायल गेज चकवर न लावता स्पिंडलच्या नाकावर लावावा, कारण चकचा दोष वेगळा आणि स्पिंडलचा वेगळा. मग लाकडी दांड्याने स्पिंडल जरा उचलून पाहावं. काटा ठळक हलला, तर बेअरिंगचा खर्च धरूनच किंमत बोलावी. बॅक गिअर हाताने फिरवून दात न् दात पाहावा. क्रॉस स्लाइडचं हँडल थोडं रिकामं फिरतं, त्याला भिऊ नये. नेहमी एकाच बाजूने मापावर आलं की काम निभावतं.

दुसरी मोठी चूक मापाची. बहरीनमध्ये तेल १९३२ साली लागलं आणि देश १९७१ पर्यंत ब्रिटिश संरक्षणाखाली होता, तेव्हा जुन्या वर्कशॉपमध्ये इंची लेथ भेटला तर नवल नाही. हाही तसाच, लीड स्क्रूला इंचाला आठ आटे. त्यावर मिलिमीटरचे अचूक आटे पाडायला १२७ दातांचं गिअर लागतं, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि पाच इंच म्हणजे बरोबर १२७. ते गिअर सोबत नव्हतं. फोर जॉ चक नव्हता, स्टेडी नव्हती. या वस्तू यंत्राबरोबरच मागून घ्याव्यात. एकेक करून जमवताना खिसा रिकामा होतो. मोटर थ्री फेज आणि घरात २३० व्होल्टचा सिंगल फेज, म्हणजे सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणाऱ्या व्हीएफडीचा खर्च आणखी वेगळा. बेटावरची खारी, दमट हवा तर उघड्या बेडवर लगेच गंज धरते. रोज काम संपलं की तेलाचा फडका फिरवावाच लागतो.

आता कुणी लेथ पाहायला बोलावलं, की लेखक पिशवीत डायल गेज, मायक्रोमीटर, धार लावलेलं टूल आणि हातभर रॉड घेऊन जातो. कट मारू देत नसतील, तर मागे फिरतो.

स्वतःचा लेथ त्याने विकला नाही. इंजिनचा पिस्टन २० मिलिमीटर लांबीचाच आहे, एवढ्याशा लांबीवर उरलेला टेपर अर्ध्या शतांशाच्या आसपास येतो आणि तो लॅपिंगमध्ये निघतो. सिलिंडरचा जॉब सध्या चकमध्येच आहे. काका दर शुक्रवारी बाबपाशी त्याची चौकशी करतात.