खेळतेय हे सांगू नका, किती खाल्लं ते सांगा

१४ फेब्रुवारीला बाहेर जेवायला जायचं आम्ही कधीच सोडून दिलंय. त्या रात्री पुण्यात बऱ्यापैकी हॉटेलात टेबल मिळायचं म्हणजे दारात ताटकळणं आलं, आणि इकडे घरी चिंगी नि सोन्या वाटेकडे डोळे लावून बसलेले. चिंगी आमची गावठी कुत्री, सोन्या बोका. त्यापेक्षा घरीच काहीतरी खास करावं, दोघांनी निवांत जेवावं, हे आम्हाला पटलं आणि आजही पटतं. फक्त ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांनी असा बेत आखताना थोडी तयारी वेगळी करावी, म्हणून हे लिहितेय.

रोजचा स्वयंपाक आपल्याला सरावाचा असतो, तसा त्यांनाही. पोळ्या लाटताना चिंगी कुठे बसणार, दूध तापलं की सोन्या कुठून येणार, हे न बघताही कळतं. खास दिवशी मात्र घरात एरवी नसणाऱ्या वस्तू येतात. चॉकलेटची मोठी वडी, फुलांचा गुच्छ, मेणबत्त्या, भेटवस्तूवरची रिबीन. शिवाय आपलं सगळं लक्ष एका माणसाकडे लागलेलं असतं, आणि घरातल्या जनावराला हे आपल्याआधी कळतं.

आमच्याकडे प्रसंग आला तो चॉकलेटवरून. मटणाचा रस्सा उतरवून झाला होता, भाकरीची उकड मळून ओल्या फडक्याखाली ठेवली होती आणि केकसाठी डार्क चॉकलेट चिरायला घेतलं होतं. १०० ग्रॅमची वडी. निम्मी चिरून पातेल्यात टाकली, निम्मी कागदासकट डायनिंग टेबलावर राहिली. तेवढ्यात बेल वाजली. नवरा गुच्छ घेऊन दारात उभा. जेमतेम दोन-तीन मिनिटं बोललो असू. आत आले तर चिंगी टेबलाखाली बसून चांदीचा कागद चाटत होती. मी कागद ओढून घेतला तर तिने कोपऱ्यातला चेंडू आणून माझ्या पायाशी टाकला. शेपूट जोरजोरात हलत होती.

डॉक्टरांचा फोन लगेच लागला. मी म्हटलं, "डॉक्टर, तशी ती मस्त खेळतेय." ते म्हणाले, "ताई, खेळतेय हे सांगू नका, किती खाल्लं ते सांगा. वजन किती तिचं? आणि कागद टाकू नका, बरोबर घेऊन या."

त्या एका वाक्यात सगळं आलं. चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन असतं, थोडं कॅफिनही असतं. आपलं शरीर ते त्यामानाने लवकर निकालात काढतं. कुत्र्याच्या अंगातून त्यातलं निम्मं जायलाच १७-१८ तास लागतात. त्रास दिसायला लागतो तो बहुतेक वेळा सहा ते बारा तासांनी. म्हणजे रात्री आठला खाल्लेल्याची लक्षणं पहाटे, आपण गाढ झोपेत असताना. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेलं की उलट्या, तहान, बेचैनी सुरू होऊ शकते. ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं, डार्कमध्ये ५ आणि कोको जास्त असेल तर आणखी, बिनसाखरेच्या बेकिंग चॉकलेटमध्ये १५ च्या घरात. कोको पावडर तर त्याहून कडक. चिंगीचं वजन १२ किलो, खाल्लेलं ५० ग्रॅम. कमीत कमी धरलं तरी २५० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे २० च्या वरच. हा हिशोब डॉक्टरांनी फोनवरच केला आणि "निघा" म्हणाले.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात तिला उलटी झाली. काळसर तपकिरी, चॉकलेटच्या वासाची, त्यात कागदाचा चकचकीत तुकडा. दुसऱ्यांदा झाली तेव्हा बरंचसं बाहेर आलंय असं डॉक्टर म्हणाले. मग कोळशाची औषधी पूड पाण्यात कालवून पाजली, स्टेथोस्कोप लावून ठोके मोजले. घरी पाठवताना मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी कशी बघायची ते मला दाखवलं. पाळलेल्या प्रत्येक जनावराची नाडी त्याच्या माणसाला बघता यायला हवी, आणि ती बरं असतानाच बघून ठेवावी, म्हणजे बिघडली की हाताला लगेच कळतं. रात्रभर आम्ही आळीपाळीने जागलो. मटण दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्लं. चिंगी ठणठणीत राहिली, कारण ती ठणठणीत असतानाच आम्ही निघालो होतो.

निघताना जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. "अगं, आधी मिठाचं पाणी पाज, भडाभडा ओकेल," असं त्या काळजीने म्हणाल्या. हा उपाय बऱ्याच घरांत माहीत असतो, म्हणून मुद्दाम सांगते: तो करू नका. एवढं मीठ पोटात गेलं आणि उलटी झालीच नाही तर रक्तातलं सोडियम चढतं, मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढलं जातं, जनावर दगावू शकतं. दूध पाजल्याने विष उतरत नाही. घशात बोटं घालू नयेत. उलटी करवायची की नाही, हे काय खाल्लंय आणि कधी खाल्लंय यावर ठरतं, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं. दुखतंय असं वाटून माणसाची गोळी तर कधीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

त्या रात्री परत आल्यावर नवऱ्याने आणलेल्या गुच्छाकडे माझं लक्ष गेलं. मावळ-तळेगावच्या पॉलिहाऊसमधून या दिवसांत ढिगाने येतात तसे लाल गुलाब, आणि मधोमध दोन गुलाबी-पांढऱ्या लिली, तपकिरी पराग झडायला लागलेल्या. डॉक्टरांनी बोलता बोलता विचारलं होतं, "घरात मांजरही आहे ना? मग लिली ठेवू नका." मी गुच्छ तसाच उचलून खाली कचऱ्यात टाकून आले, टेबल पुसलं आणि सोन्याचं अंग ओल्या फडक्याने पुसून काढलं. या लिलीचं पान, पाकळी, अंगावर सांडलेले पराग चाटणं, फुलदाणीतलं पाणी पिणं, यातलं काहीही मांजराची किडनी बंद पाडायला पुरतं. आधी दोन-चार उलट्या होतात, मग काही तास ते बरं झाल्यासारखं वाटतं आणि एक ते तीन दिवसांत लघवी थांबते. पहिल्या १८ तासांत सलाइन सुरू झालं तर वाचण्याची आशा बरीच असते. ज्या घरी मांजर आहे तिथे फुलं न्यायची असतील तर गुलाब किंवा जरबेरा न्यावेत, आणि फुलवाल्याला "लिली नको" असं स्पष्ट सांगावं.

फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम. नाशिक, सांगलीची द्राक्षं घरोघरी येतात, चीजबरोबर ताटलीत मांडली की दिसतातही छान. ती आणि त्यांचे बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला घातक आहेत. किती खाल्ली तर चालतील असं प्रमाण कुणी सांगू शकत नाही, एखादं कुत्रं मूठभर पचवतं आणि एखाद्याला थोडीही बाधतात. गेल्या काही वर्षांत संशय टार्टारिक आम्लावर गेला आहे, आणि चिंच खाऊन कुत्र्यांना तसाच त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. पुलावात, शिऱ्यात बेदाणे असतात, आमटीत चिंच असते. आपल्या स्वयंपाकात या गोष्टी दिसेनाशा होतात, म्हणून उरलंसुरलं ताटलीत ओतताना त्यात काय काय पडलंय ते आठवावं.

कांद्या-लसणाचं मला जास्त कळकळीने सांगायचंय, कारण ते रोजचं आहे. आपल्या कुठल्याही रश्शाचं वाटण कांद्या-लसणाशिवाय होत नाही, आणि शिजवल्याने, भाजल्याने किंवा पूड केल्याने त्यातला दोष जात नाही. त्यातल्या गंधकाच्या संयुगांनी तांबड्या पेशी फुटतात. मांजराला किलोमागे ५ ग्रॅम कांदा पुरतो. सोन्या चार किलोचा, म्हणजे त्याला एका लहान कांद्यातला तुकडाच झाला. लक्षणं दिसतात तीन ते पाच दिवसांनी: हिरड्या पांढुरक्या, लघवी लालसर, जिना चढताना धाप. तोवर जेवणातला रस्सा आपण विसरलेलो असतो आणि "याला अचानक काय झालं" म्हणत बसतो. गावाकडे कुत्री रस्सा-भाकरीवरच वाढली, त्यांना कुठे काय झालं, असं मलाही ऐकवतात. त्या कुत्र्यांचं रक्त कुणी तपासलं नव्हतं आणि त्यातली किती कशाने गेली याचीही कुणी नोंद ठेवली नव्हती.

आता पायात येण्याबद्दल. माझ्या मते भाजण्याची भीती जनावरापेक्षा आपल्याला जास्त असते. उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन सिंककडे वळताना घोट्याशी बोका असतो, विशेषतः मासळी असेल तर. म्हणून असं काही उतरवायच्या आधी मी खाली बघते, "बाजू" म्हणते आणि पाय न उचलता फरशीवर घासत चालते. पाय घासत गेला की शेपटीवर पडत नाही. कढईचा दांडा आत वळवलेला असावा. कुत्रं मोठं असेल तर पंजे ओट्यावर टेकताना गॅसचं बटण फिरू शकतं, तेव्हा स्वयंपाक झाला की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. तापलेल्या तव्यावर मांजराने पाय दिलाच तर लगेच साध्या थंड पाण्याच्या धारेखाली धरावं आणि डॉक्टरांकडे न्यावं. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नये, ते चाटूनच पोटात जातं. पिंजऱ्यात बजी किंवा लव्हबर्ड असतील तर नॉनस्टिक पॅन रिकामा तापत ठेवू नका. जास्त तापल्यावर त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो, आपल्याला वासही येत नाही.

दरवाजा असलेलं स्वयंपाकघर असेल तर प्रश्न निम्मा सुटतो. आमचं उघडं आहे. म्हणून संध्याकाळी पाचला नवरा चिंगीला टेकडीवर लांब फिरवून आणतो, आल्यावर तिचं जेवण, आणि मगच मी कांदा चिरायला घेते. दमलेलं, पोट भरलेलं कुत्रं ओट्याकडे फारसं फिरकत नाही. उंबऱ्याच्या जागी तिची सतरंजी टाकतो. ती सतरंजीवर बसून राहिली तर अधूनमधून एखादा तुकडा तिथेच टाकतो, ओट्याजवळ मात्र कधीच काही देत नाही. खाऊ कुठे मिळतो ते कुत्रं फार लवकर शिकतं. मांजराला हे शिकवणं जास्त अवघड. त्याला उंचावरून बघायचं असतं, तेव्हा ओट्यापासून दूर पण ओटा दिसेल असं एक उंच स्टूल ठेवलंय. तळण आणि मेणबत्त्या असतील तेव्हा सोन्या बेडरूममध्ये, पाणी आणि रेतीच्या ट्रेसकट, दार लावून.

ओल्या कचऱ्याची बादली जेवण संपायच्या आत बाल्कनीत जाते आणि बाल्कनीचं दार लागतं. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, फुटलं की टोकं निघतात, आतडं फाटतं. नळी कितीही आवडीने मागत असली तरी देऊ नये. मटणाचा वास लागलेली फॉइल, टिक्क्याच्या काड्या, मक्याचं कणीस, हे सगळं त्याच बादलीत. भेटवस्तूवरची रिबीन उलगडली की लगेच गुंडाळून कपाटात. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळतच जातो आणि आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तरी ओढू नये, कापू नये, तसंच घेऊन दवाखाना गाठावा.

रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, तिथे सलाइन लावायची सोय आहे का, हे १३ तारखेलाच फोन करून विचारावं आणि नंबर फ्रिजवर लावावा. दोघांची वजनंही तिथेच लिहावीत. स्वतःचं वजन करायचं, मग त्याला उचलून पुन्हा करायचं, फरक तो त्याचा.

आणि त्यांनाही त्या दिवशी काहीतरी मिळायला हवंच. मटणाला हळद-मीठ, आलं-लसूण लावायच्या आधी मी बिनहाडाचे, चरबी काढलेले चार तुकडे बाजूला काढते आणि नुसत्या पाण्यात उकडते. चरबी नको, कारण एकदम तेलकट पोटात गेलं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सोन्यासाठी सुरमईचा तुकडा तसाच उकडून, काटे बोटांनी चाचपून काढलेला. हे आम्ही पानावर बसायच्या आधी, त्यांच्या वाट्यांत, त्यांच्या जागी देते.